दशांशबाईंचा ओला पारा

आमच्या वेधशाळेत त्यांना तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘दशांशबाई’. हे नाव कोणी ठेवलं ते मी सांगणार नाही, पण ठेवणारा तिथला माळी होता आणि आज त्याला सहा नातवंडं आहेत. कारण अगदी साधं होतं. बाईंना अर्धवट आकडा सहन व्हायचा नाही. एकदा त्यांच्या बहिणीचा फोन आला की पोराला ताप आहे, शंभरच्या आसपास. बाई म्हणाल्या, “आसपास घर असतं गं, ताप नसतो. नीट बघ आणि सांग.” आमचा कारकून ‘साडेदहाच्या सुमाराला’ यायचा. त्याला त्या म्हणाल्या, “सुमाराला येणाऱ्याचं कामही सुमारच होतं.” दुसऱ्या दिवसापासून तो दहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी येऊ लागला.

बाईंचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकानाच्या माळ्यावर दोन खोल्या, त्यात चार बहिणी, आणि खाली भिंतभर घड्याळं. बाई सांगायच्या, “चाळीस घड्याळं एकदम टोले द्यायची. एखादं मागे राहिलं की बाबा जेवत नसत.” अशा घरातली मुलगी हवामानाच्या नोंदी घ्यायला आली यात नवल ते काय. नवल तिच्या नवऱ्याचं. तो शाळेत चित्रकला शिकवायचा आणि त्याच्या तोंडी एकच शब्द, ‘अंदाजे’. घरातून अंदाजे निघायचा, मीठ अंदाजे टाकायचा. तरी संसार झकास झाला, कारण एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने सोडून द्यायचं.

बाईंचं काम रोजचं, ठरलेल्या वेळेचं. वेधशाळेच्या मागे तारेच्या कुंपणात हिरवळीचा चौकोन होता आणि त्याच्या मधोमध चार पायांवर उभी पांढरी पेटी. पेटीला चारी बाजूंनी तिरप्या पट्ट्यांच्या झडपा, म्हणजे वारा आत जाईल आणि ऊन बाहेर राहील. हिरवळ दोन बोटांपेक्षा वाढू द्यायची नाही, हे माझं काम. पेटीला हात लावायचा नाही, हा मला हुकूम. आत चार तापमापक. दोन आडवे, दिवसातली कमाल आणि किमान उष्णता धरून ठेवणारे. दोन उभे, एक कोरडा आणि एक ओला.

या ओल्याची गंमत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्याचंच आहे. त्याच्या तळाच्या फुग्याला मलमलीचं कापड गुंडाळलेलं असतं आणि कापडाची वात खाली पाण्याच्या वाटीत सोडलेली असते. हवा कोरडी असली की पाणी भराभर उडतं, फुगा गार होतो आणि ओला पारा कोरड्याच्या बराच खाली राहतो. हवाच पाण्याने भरलेली असली की पाणी उडायला जागा नाही, मग ओला वर चढत जातो. बाई म्हणायच्या, “माळीदादा, आपलं अंग म्हणजे हाच ओला तापमापक. घाम उडाला तर माणूस वाचतो. नाही उडाला तर आतल्या आत शिजतो.”

पेटीचं दार उघडताना त्या श्वास रोखायच्या. माणसाच्या श्वासाने आणि अंगाच्या उबेने पारा हलतो. म्हणून आधी दशांश वाचायचे, मग अंश. अंश कुठे पळून जात नाही, दशांश मात्र चोरासारखा निसटतो. मग आकडा वहीत. बावीस वर्षांत त्यांच्या हाताखाली त्या वहीत एकही खाडाखोड नव्हती. नवीन माणूस आला की साहेब ती वही मुद्दाम उघडून दाखवायचे.

अशा या बाईंच्या आयुष्यातला एक दिवस सांगतो. बाकीचे दिवस त्याच्याच मापाचे होते.

उन्हाळ्यातला उकाड्याचा अकरावा दिवस. डांबर इतकं मऊ झालं होतं की रस्ता ओलांडताना चप्पल मागे राहायची. समुद्र शेजारी असून वाऱ्याचा उपयोग नव्हता, कारण वारा यायचा तो ओल्या घोंगडीसारखा अंगावर पडायचा. आमच्या शहरात उष्णतेचा सगळ्यात मोठा आकडा होता एकोणचाळीस पूर्णांक आठ, एकोणतीस वर्षांपूर्वीचा. आदल्या दिवशी पारा एकोणचाळीस पूर्णांक पाचला जाऊन परत फिरला होता. त्यामुळे सकाळपासून वर्तमानपत्रवाल्यांचे फोन सुरू होते. विक्रम मोडला का, किती राहिलं, मोडला की आधी आम्हाला सांगा. साहेब इस्त्रीचा नवा शर्ट घालून आले होते. फोटो निघणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

सगळे विचारायचे ते कोरड्याबद्दल. ओल्याची चौकशी करणारं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे गोदी.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी जहाजाच्या पोटात गोण्या उचलताना दोन माणसं कोसळली होती आणि परत उठली नव्हती. त्यानंतर गोदीने नियम केला. वेधशाळेचा ओला पारा बत्तीसला लागला की भोंगा वाजवायचा आणि पोटातली माणसं वर घ्यायची. बत्तीसच्या खाली असेल तर काम चालू. आकडा दिवसातून ठरावीक वेळी फोनने जायचा. सकाळी साडेअकराला, मग अडीचला, मग साडेपाचला. गोदीचा मुकादम तो फळ्यावर खडूने लिहायचा.

आणि त्या दिवशी चौथ्या धक्क्याला लागलेल्या जहाजाच्या पोटात, खताच्या गोण्यांत, चौदा माणसं होती. त्यातला एक माझा धाकटा भाऊ.

रोज सव्वादोनला बाई स्वतः पेटीशी येऊन वाटीतलं पाणी आणि वात बघून जायच्या. पाणी घालायचं तर तेव्हाच, म्हणजे अडीचपर्यंत ते हवेच्या मापावर येतं. त्या दिवशी फोनने त्यांना खुर्चीला बांधून ठेवलं. साहेबांना वाटायचं की आकडा नीट सांगणारं माणूस फोनवर हवं. तसं माणूस एकच होतं.

मी कुंपणात हिरवळीच्या कडा छाटत होतो. दोन वाजून चोवीस मिनिटं झाली तरी बाई आल्या नाहीत म्हणून मी पेटीचं दार किलकिलं केलं. वाटी जवळजवळ रिकामी. वातीचं टोक पाण्याला जेमतेम टेकलेलं. मला वाटलं, हे कापड वाळलं तर बाईंचं पान बिघडेल. बावीस वर्षांचं पान. शुद्ध पाण्याची बाटली आत कपाटात होती. माझ्या हाताशी होता माझा थर्मास, त्यात बर्फाचं पाणी. पाणी ते पाणी. मी वाटी भरली. आणि एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला. ते कापड गुंडाळलेलं तापमापक मला अगदी तापाने फणफणलेल्या पोरासारखं दिसलं, कपाळावर पट्टी ठेवलेलं. मी चांगलं घोटभर गार पाणी त्या पट्टीवरही सोडलं, दार लावलं आणि पुण्य केल्यासारखा बाजूला झालो.

अडीचला बाई आल्या. श्वास रोखला, दार उघडलं, वाचलं, वहीत लिहिलं. कोरडा अडतीस पूर्णांक नऊ. ओला तीस पूर्णांक सात. दुसऱ्या आकड्यावर त्यांची पेन्सिल जराशी थबकली. पण वेळ ती वेळ. त्या आत गेल्या. खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं.

“तीस पूर्णांक सात,” बाई फोनवर म्हणाल्या.

पलीकडून मुकादमाचा आवाज इतका मोठा की फोन नसता तरी पोचला असता. “म्हणजे काम चालू. बरं झालं बाई, जहाज संध्याकाळच्या भरतीला सोडायचंय.”

मी ऐकलं आणि मला बरंच वाटलं. ओला खाली आहे, म्हणजे धाकट्याला त्रास कमी, असं माझं गणित.

बाईंचं गणित वेगळं होतं. त्या तक्ता उघडून बसल्या, आर्द्रता काढायला. मग तक्ता बंद करून साडेअकराची ओळ बघू लागल्या. मग खिडकीशी येऊन हात बाहेर धरला, तळवा वर, पाऊस बघावा तसा.

“साडेअकराला ओला एकतीस पूर्णांक सहा होता,” त्या स्वतःशीच बोलत होत्या. “तेव्हापासून वारा समुद्राकडूनच आहे. मग हवेतलं पाणी गेलं कुठे?”

साहेब आतून म्हणाले, “बाई, कोरडा बघा ना. अजून तासभर चढणार. आज विक्रम होतोय.”

बाई बाहेर आल्या. दोन वाजून अडतीस मिनिटं. वेळेबाहेर पेटी उघडताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. त्यांनी दार उघडलं, वाचलं, लावलं. घड्याळ बघत दोन मिनिटं उभ्या राहिल्या. पुन्हा उघडलं. मी कात्री थांबवली होती.

“एकतीस पूर्णांक आठ,” त्या म्हणाल्या. “बत्तीस.” आणखी थोड्या वेळाने, “बत्तीस पूर्णांक दोन.” मग पुन्हा बघितलं तरी तोच आकडा. तो तिथेच थांबला.

त्या माझ्याकडे वळल्या. “माळीदादा, ओल्याला कोणी हात लावला?”

मी रोजंदारीवरचा माणूस. कुंपणात यायची परवानगी होती ती गवतापुरती. मी म्हणालो, “वाऱ्याने दार हललं असेल.”

“वारा वाटी भरतो का?”

मी कात्री पुन्हा गवताला लावली. बाई ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, “तिकडे आपला आकडा फळ्यावर लागलाय. खाली माणसं आहेत. मला कारण कळल्याशिवाय तो पुसता येत नाही.”

खाली माणसं आहेत म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे चौदा माणसं आली नाहीत. एकच आला.

“मी पाणी घातलं,” मी म्हणालो. “थर्मासमधलं, बर्फाचं. कापडावर पण ओतलं. बिचारा तापला होता बाई.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. पण त्यांनी विचारलं ते एवढंच, “किती वाजता?”

“चोवीसला.”

“नक्की? की सुमाराला?”

“चोवीसला. तुम्ही आला नाहीत म्हणून घड्याळ बघितलं.”

त्या तडक आत गेल्या. मी मागोमाग दारापर्यंत. साहेबांच्या कानाला फोन होता, पलीकडे कोणी वर्तमानपत्रवाला. बाईंनी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. साहेबांनी फोनवर हात ठेवला.

“आजच्या पानावर खाडाखोड?” ते म्हणाले. “बाई, उद्या हे पान सगळे बघायला मागणार. ओला चुकला म्हटलं की विचारतील, कोरडा कशावरून बरोबर? विक्रम हातचा जाईल. साडेपाचला नवी नोंद होईलच ना.”

“पान बघणारे उद्या येतील साहेब. गोदीतली माणसं आत्ता आत आहेत.”

“तुमची बावीस वर्षं...”

“ती मी मोजलेली आहेत,” बाई म्हणाल्या.

त्यांनी लाल पेन घेतलं. खोडायचं ते असं की जुना आकडा वाचता यायला हवा, असा नियम. तीस पूर्णांक सातवरून पट्टी धरून एक सरळ रेघ ओढली. वर लिहिलं बत्तीस पूर्णांक दोन, वेळ दोन चव्वेचाळीस. शेजारी कारण लिहिलं. मी दारातून टेबलाशी सरकलो होतो, आणि सातवी पास माणूस, उलटं अक्षरही वाचतो. लिहिलं होतं, ‘ओल्या तापमापकाच्या कापडावर गार पाणी ओतले गेले.’

ओतले गेले. गुरुजींनी शाळेत कर्मणी प्रयोग शिकवला तेव्हा मी दोनदा मार खाल्ला होता, कर्ता कुठे लपतो ते मला सापडायचं नाही म्हणून. त्या दिवशी सापडलं. कर्ता माझ्या अंगात लपला होता आणि बाईंनी त्याच्यावर पांघरूण घातलं होतं.

फोन लावायला गेल्या तर लाइन मोकळी होईना. एक ठेवला की दुसरा वाजायचा. विक्रम झाला का, विक्रम झाला का. भीक नको पण कुत्रं आवर अशी गत. पाचव्या खेपेला गोदी लागली. मुकादमाचा कारकून म्हणाला, “अडीचचा आकडा लागला आहे. आता साडेपाचला.” बाईंनी समजावलं. तो म्हणाला, “वेळेबाहेरचा आकडा तोंडी चालत नाही. लेखी आणा, सहीशिक्क्यानिशी.” आणि ठेवला.

बाईंनी चिठ्ठी लिहिली. साहेबांपुढे धरली.

“मी सही करणार नाही,” साहेब म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी टेबलावरचा शिक्का बोटाने बाईंच्या बाजूला सरकवला. माणूस वाईट नव्हता, शर्ट नवा होता एवढंच.

बाईंनी स्वतः सही केली, शिक्का मारला. तीनला दोन मिनिटं कमी. गोदीचं फाटक चालत बारा मिनिटांवर आणि तिथून चौथा धक्का आणखी लांब. रस्त्यावर वाहन दिसेना. मी सायकल काढली. पन्नाशीच्या बाई, कडक इस्त्रीची साडी, माझ्या सायकलच्या मागच्या कॅरिअरवर, जिथे एरवी गवताचा भारा असतो. त्या बसल्या आणि म्हणाल्या, “चला.”

पायडल मारताना पहिल्याच चढावर मला कळलं की ओला पारा म्हणजे काय. घाम कपाळावरून डोळ्यांत, डोळ्यांतून हनुवटीवर, आणि एक थेंब उडत नव्हता. शर्ट अंगाला चिकटला तो चिकटलाच. श्वास घ्यावा तर कोमट पाणी प्यायल्यासारखं. मी मोकळ्या रस्त्यावर होतो. धाकटा लोखंडाच्या पेटीत होता, पाठीवर पन्नास किलो घेऊन. एकदा बाई मागून म्हणाल्या, “बोलू नका, श्वास वाचवा.” मी बोलतच नव्हतो.

धक्क्यावर पत्र्याच्या छपराखाली मुकादम डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसला होता. मागे फळ्यावर हातभर अक्षरात ३०.७. त्याने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली.

“ओतले गेले,” तो म्हणाला. “कोणी ओतलं? पाणी काय आपोआप चालत जाऊन कापडावर बसतं?”

“ते महत्त्वाचं नाही,” बाई म्हणाल्या. “आकडा महत्त्वाचा आहे.”

“तुम्हाला आकडा, बाई. मला माझा साहेब आहे. जहाज भरतीला सुटलं नाही तर तो विचारणार, काम का थांबवलं? मी सांगू, ओतले गेले? तुमच्या साहेबांची सहीसुद्धा नाही यावर.”

खोटं बाईंना बोलता येत नव्हतं आणि माझं नाव घ्यायचं नव्हतं. जहाजातून गोण्या आपटल्याचा आवाज येत होता, पण सावकाश. फार सावकाश. दोन आवाजांमधलं अंतर वाढत चाललं होतं.

“मी ओतलं,” मी म्हणालो.

मुकादमाने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. “तू त्या गोणीवाल्याचा थोरला भाऊ ना? रविवारी त्याला न्यायला येतोस तो?” आणि हसला. “आता आलं लक्षात. भाऊ खाली आहे म्हणून आकडा वर चढवलात होय? बाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

बावीस वर्षांत बाईंना असं कोणी बोललं नव्हतं. मला वाटलं, संपलं. खरं बोललो आणि खऱ्यानेच घात केला. आणि मग कुठून सुचलं कोण जाणे.

“मुकादम, मला भावाला वर काढायचं असतं तर मी गरम पाणी ओतलं असतं,” मी म्हणालो. “ओल्यावर गार पाणी पडलं की आकडा उतरतो. मी गार ओतलं. अडीचला भोंगा वाजायचा होता, तो माझ्यामुळे वाजला नाही. माझ्या भावाला मीच खाली ठेवलाय.”

मुकादम हसायचा थांबला. त्याने फळ्याकडे बघितलं, चिठ्ठीकडे, मग माझ्याकडे. डोक्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं. पुसून तोंड होतं तसंच ओलं राहिलं. बहुधा तेही त्याच्या लक्षात आलं.

तो उठला आणि भोंग्याची साखळी ओढली. तीन वाजून अकरा मिनिटं.

माणसं लोखंडी शिडीवरून एकेक करून वर येऊ लागली. वर आलेला माणूस दोन पावलं चालायचा आणि बसायचा. मुकादम मोठ्याने मोजत होता. अकरा. बारा. तेरा. मग शिडी रिकामी.

“आणखी एक आहे,” मी म्हणालो.

“माहीत आहे,” मुकादम म्हणाला आणि स्वतः शिडी उतरला. त्याच्या वयाला आणि पोटाला शोभत नव्हतं, तरी उतरला. खालून त्याने क्रेनवाल्याला हाक दिली. गोण्यांची जाळी खाली गेली आणि वर आली ती धाकट्याला घेऊन. गोण्यांना टेकून बसला होता म्हणे, आणि आईशी काहीतरी बोलत होता. आईला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

त्याचं अंग कोरडं होतं आणि तव्यासारखं भाजत होतं. नळाची रबरी नळी, बर्फाची लादी, टॉवेल, जे मिळेल ते. बाई त्याच्या डोक्याशी बसून वर्तमानपत्राने वारा घालत होत्या, एका लयीत, थांबल्या नाहीत. गोदीचा डॉक्टर आला, नाडी धरली, सुई दिली. वीसेक मिनिटांनी धाकट्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं.

“दादा, तू इथे?” तो म्हणाला. “गवत कापून झालं?”

डॉक्टर बाईंना म्हणाला, “आणखी थोडा वेळ राहिला असता तर...” थोडा म्हणजे नेमका किती, हे त्या दिवशी बाईंनी विचारलं नाही.

धाकट्याला गोदीच्या दवाखान्यात ठेवलं. त्याच्याशेजारी कारकून बसवून मुकादम मला म्हणाला, “बाईंना सोडून ये. साडेपाचची वेळ आहे त्यांची.” आता तो घड्याळ बघत होता.

येताना बाई चालत आल्या. मी सायकल हातात धरून शेजारी. पाच पंचवीसला आम्ही कुंपणात होतो. सव्वापाचची तपासणी हुकली होती, पण वाटीत पाणी पुरेसं होतं. बर्फाचा गारवा कधीच उडून गेला होता. साडेपाचला त्यांनी दार उघडलं. कमालचा पारा होता एकोणचाळीस पूर्णांक सातवर. एका दशांशाने विक्रम राहिला. साहेबांनी दारातूनच ऐकलं, आत जाऊन शर्टाचं वरचं बटण काढलं आणि पंख्याखाली बसले. फोन एकदाही वाजला नाही. न मोडलेल्या विक्रमाला कोण विचारतो?

मग ओला. मी बाईंच्या मागे उभा होतो. मलाही आता वाचता येत होतं.

एकतीस पूर्णांक आठ.

मला एकदम कळलं. शिफ्ट सहाला संपायची आणि भरती सातला. आकडा बत्तीसच्या खाली, म्हणजे नियमाने काम चालू. नळाखाली बसलेली ती तेरा माणसं पुन्हा शिडी उतरणार.

“बाई,” मी म्हणालो, “दोन दशांशच तर आहेत.”

त्या वहीत लिहीत होत्या. “दुपारी मी खोटा आकडा सांगितला तो नकळत,” त्या म्हणाल्या. “आता कळून सांगू?”

“पण ती माणसं...”

“आज मी दोन दशांश वाढवले, तर उद्या माझ्या बत्तीसवर तो भोंगा वाजवेल का?”

त्या आत गेल्या. त्यांनी गोदीला फोन लावला, मी दारातून ऐकत होतो. पहिल्याच घंटीला मुकादमाने उचलला.

“एकतीस पूर्णांक आठ,” बाई म्हणाल्या.

पलीकडून क्रेनचा आवाज येतो का म्हणून मी कान लावला होता.

“लिहिलं फळ्यावर,” मुकादम म्हणाला.

“आणि माणसं?”

“माणसं नळाखाली आहेत. बाई, बत्तीसला वर घ्यायचा नियम लिहिलेला आहे. खाली आला की परत उतरवायचं असं कुठे लिहिलंय ते मला सापडत नाही. माझा साहेबही शोधतोय. आम्ही शोधेपर्यंत भरती जाईल. जहाज सकाळी सुटेल.”

“दशांश लिहिलात ना?”

“लिहिला. एकतीस पूर्णांक आठ. ठळक.”

बाईंनी फोन ठेवला आणि त्या खुर्चीत बसल्या. पाणी प्यायल्या. मग मी अजून दारात उभा आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

“तुम्ही इथे काय करताय? भावाकडे जा.”

मी निघालो. कुंपणापाशी वळून बघितलं तर त्या पुन्हा पेटीशी होत्या. कमालचा तापमापक बाहेर काढून, हात लांब करून, दुसऱ्या दिवसासाठी पारा झटकून खाली उतरवत होत्या.